जुन्या स्टिरिओवर फोनमधली गाणी: आधी डेकच्या मागे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मी नक्की कशाचं उत्तर देतोय ते कळेल. वडिलांची २००९ सालची गाडी तुमच्याकडे आली. स्टिरिओ त्याच काळातला, सीडी आणि रेडिओवाला. पुढे ऑक्सचं, म्हणजे बाहेरचा आवाज तारेनं आत घ्यायचं भोक नाही, यूएसबी नाही, ब्लूटूथ नाही. तुमच्या फोनलाही हेडफोनचं भोक नाही. लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारे दोन एफएम ट्रान्समीटर घेऊन झाले. दोन्ही पुण्यात बरे वाजतात आणि मुंबईच्या रस्त्याला घाट लागला की खरखरतात. वडिलांनी जमवलेली कीर्तनं पेनड्राइव्हवर आहेत, ती त्यांना गाडीत ऐकायची आहेत. आणि स्टिरिओ बदलायचा नाही, कारण तो त्यांनी हौसेनं बसवून घेतलेला आहे.

तिसरा ट्रान्समीटर घेऊ नका. मी २३ वर्षं पुण्यात गाड्यांच्या ऑडिओची आणि वायरिंगची कामं करतोय. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये असा एखादा ट्रान्समीटर मेलेल्या झुरळासारखा पडलेला असतो.

ट्रान्समीटर वाईट नसतो, त्याला दिलेलं काम अवघड असतं. ती डबी म्हणजे खेळण्यातलं रेडिओ स्टेशन. ती गाणं हवेत सोडते, गाडीची एरियल ते हवेतून पकडते, आणि त्याच हवेत खरी स्टेशनं किलोवॉटच्या ताकदीनं ओरडत असतात. एफएमच्या रिसीव्हरचा स्वभाव असा, की एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले की तो जोरकस असेल त्याला धरतो आणि दुसऱ्याला जवळजवळ गिळून टाकतो. दोघं तोडीस तोड निघाले तर कधी हा, कधी तो. तीच तुमची खरखर. पुण्यात ९२.७ रिकामं असतं म्हणून पुष्कळ जण डबी तिथे लावून ठेवतात, आणि मुंबईत नेमकं ९२.७ वरच स्टेशन बसलेलं आहे. घाटमाथ्यावर तर दोन्ही शहरांची स्टेशनं एकमेकांत घुसतात. डबी बदलून हे कसं सुटेल?

तरी दुसरा मार्ग होईपर्यंत ती वापरायचीच असेल तर नीट लावा. डबी काढून ठेवा. रेडिओवर ऑटो सर्च न करता एकेक पायरी हातानं सरका आणि अशी जागा शोधा जिथे फक्त एकसारखी सळसळ आहे, मागे माणसाचा पुसटसा आवाजही नाही. त्या जागेच्या दोन्ही बाजूंना किमान ०.४ पर्यंत स्टेशन नको. मग डबी तिथे लावा. पुण्यासाठी एक आणि मुंबईसाठी एक अशा दोन जागा शोधून रेडिओच्या १ आणि २ नंबरच्या बटणांवर ठेवा. बोगद्याजवळ चहाला थांबाल तेव्हा डबीचा आकडा बदलायचा, चालवताना नाही. टपावर फिरवून काढता येणारी एरियल असेल तर प्रवासापुरती ती काढून बघा. बाहेरची स्टेशनं अशक्त होतात, फूटभरावरची डबी मात्र पोचते. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण चालतं. फोनचा आवाज पूर्ण न ठेवता पाऊणच्या आसपास ठेवा, नाहीतर डबीतच आवाज फाटतो आणि लोक बिचाऱ्या स्पीकरला दोष देतात.

आता मूळ मुद्दा. स्टिरिओत आवाज शिरायच्या वाटा मोजक्याच असतात: एरियलमधून, कॅसेटच्या हेडवरून, मागच्या किंवा पुढच्या वायरनं, किंवा त्यानं स्वतः फाइल वाचून. वस्तू विकत घेण्याआधी आपल्या डेकला, म्हणजे स्टिरिओला, यातल्या कुठल्या वाटा आहेत ते बघायला हवं. लोक फक्त पुढची पट्टी बघतात. २००५ ते २०१० च्या दरम्यानच्या किती तरी बाहेरून बसवलेल्या डेकना ऑक्सची वाट मागे असते आणि मालकाला ती कधीच दिसलेली नसते. तुमच्या वडिलांनी डेक वेगळा बसवून घेतला असेल, तर ही शक्यता चांगलीच आहे.

म्हणून आधी डेक बाहेर ओढा. स्वतः करणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, पण त्याआधी एक गोष्ट बघा. काही गाड्यांच्या कंपनी फिटिंग स्टिरिओला चोरीपासून कोड असतो. वीज तुटली की पुन्हा चालू होताना तो कोड मागतो. गाडीच्या पुस्तिकेत त्याचं छोटं कार्ड असतं. कार्ड हातात असल्याशिवाय निगेटिव्हला हात लावू नका. बाहेरून बसवलेल्या डेकला बहुतेकदा हा त्रास नसतो. त्याची पुढची फ्रेम हलक्या हातानं निघते, दोन्ही बाजूंना चपट्या पट्ट्या घातल्या की डेक सरकत बाहेर येतो. पट्ट्या हरवल्या असतील तर जुनी हॅकसॉ ब्लेड घासून चालते. मी तेच वापरतो.

मागे काय दिसेल? एरियलची जाड वायर. वीज आणि स्पीकरचे कपलर, म्हणजे वायरी जोडायचे प्लग. आणि बहुधा लाल-पांढऱ्या आरसीए भोकांची एखादी जोडी. इथे घाई करू नका. ती भोकं बहुतेक डेकवर बाहेर जाणाऱ्या आवाजाची असतात, वेगळा अॅम्प्लिफायर जोडण्यासाठी. त्यात फोन लावलात तर काहीच वाजणार नाही. भोकाशेजारची अक्षरं वाचा: ‘आउट’ लिहिलं असेल तर सोडून द्या, ‘ऑक्स इन’ लिहिलं असेल तर तुमचं काम झालं. एका टोकाला दोन आरसीए आणि दुसऱ्या टोकाला ३.५ मिमीचं भोक अशी वायर पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात कुठेही मिळते. ती डॅशबोर्डमधून फिरवून गिअरजवळ बाहेर काढायची.

वायर जोडूनही आवाज येत नाही म्हणून डेक पुन्हा दुकानात घेऊन येणारे पुष्कळ असतात. कारण साधं असतं: काही डेकमध्ये ऑक्स हा सोर्स कारखान्यातूनच बंद ठेवलेला असतो. डेक बंद अवस्थेत असताना मेनूचं बटण दाबून धरलं की सुरुवातीच्या सेटिंगची यादी उघडते, तिथे ऑक्स चालू करायचा. मग सोर्सचं बटण दाबताना रेडिओ, सीडीनंतर तो आपोआप दिसायला लागतो.

ऑक्स नसेल, पण मागे पिवळ्या-हिरव्या-निळ्या छोट्या कप्प्यांचं भोक असेल, तर त्यातला निळा कप्पा बहुधा डिकीतल्या सीडी चेंजरसाठी (पुष्कळ सीडी ठेवून बदलणाऱ्या यंत्रासाठी) असतो. युरोपीय गाड्यांत हे जास्त दिसतं. तिथे लावायचे असे अडॅप्टर मिळतात, जे डेकला ‘मी चेंजर आहे’ असं भासवतात आणि आत ऑक्स किंवा यूएसबी देतात. तो डेकच्या नेमक्या मॉडेलचाच हवा, ‘बसेल बहुतेक’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

हेही नसेल तर एफएमचा एक शहाणा प्रकार आहे: वायरवाला एफएम मॉड्युलेटर. तो एरियल आणि डेक यांच्या मधे वायरनंच बसतो. फोनचा आवाज हवेत न जाता सरळ डेकच्या एरियलच्या भोकात जातो, आणि मॉड्युलेटर चालू असताना बाहेरची एरियल तोडली जाते, त्यामुळे घाटात भांडायला दुसरं स्टेशनच उरत नाही. रेडिओ ऐकायचा झाला की बटण बंद. एफएमची मूळ मर्यादा राहते, साधारण १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज त्यातून जात नाही. कीर्तनकाराच्या गळ्याला, मृदंगाला आणि चिपळ्यांना तेवढं पुरून उरतं. दुकानांत ही वस्तू आता कमी दिसते, शोधावी लागते.

डेक उघडून आतल्या बोर्डावर सीडीच्या आवाजाच्या रेषेला वायर डकवायची आणि नि:शब्द सीडी फिरवत ठेवायची, असाही जुगाड असतो. मी तो केलाय, पण हौसेनं बसवलेल्या डेकवर करणार नाही.

जाता जाता, ज्यांच्याकडे कॅसेटचा डेक आहे ते तुमच्यापेक्षा नशीबवान. कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर मिळतो, त्यात फितीऐवजी एक छोटं हेड असतं. ते डेकच्या हेडला चिकटून बसतं आणि चुंबकानं आवाज पलीकडे देतं. हवा मधे येतच नाही. दोनच भानगडी. ऑटो रिव्हर्स डेकला वाटतं फीत संपली आणि तो सारखी बाजू पालटत बसतो. तेव्हा चक्रं मोकळी फिरणारा, चांगल्या घडणीचा अडॅप्टर घ्यावा लागतो. आणि वर्षानुवर्षांचा मळ हेडवर असतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून काढायचा, म्हणजे आवाजावरची गोधडी निघते.

ऑक्स मिळाला असं धरू. आता फोनपासून त्या भोकापर्यंत. तुमच्या फोनला भोक नाही, म्हणजे एकतर टाइप-सी ते ३.५ मिमीचा तुकडा, किंवा ब्लूटूथ रिसीव्हर. तुकडे दोन जातींचे येतात. एकात नुसत्या तारा असतात. फोन स्वतः टाइप-सीच्या भोकातून अॅनालॉग आवाज देत असेल तरच तो चालतो. दुसऱ्यात डिजिटलचा अॅनालॉग करणारी चिप असते, आणि तो बहुतेक फोनवर चालतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दुकानातच स्वतःचा फोन लावून वाजवून घ्या. फोनचा आवाज ८० टक्क्यांच्या आसपास ठेवून बाकीचं डेकवरून वाढवा. फोन अगदी कमी ठेवून डेक चढवलात, तर सळसळही चढते, आणि चुकून रेडिओ लागला की गाडीतली माणसं दचकतात.

ब्लूटूथ रिसीव्हर जास्त सोयीचा. काडेपेटीएवढी वस्तू, ऑक्समध्ये खुपसायची. त्याचा आवाज तारेपेक्षा थोडा दाबलेला असतो, पण चालत्या गाडीत टायरच्या आवाजात तो फरक ओळखून दाखवणारा कान मला तरी अजून भेटलेला नाही. घेताना खोक्यावर ‘ए२डीपी’ (ब्लूटूथवरून गाणी पाठवायची सोय) आहे ना बघा. नुसता हँड्सफ्री असेल तर त्यावर फक्त कॉल येतात. ज्यांच्या जुन्या डेकमध्ये ब्लूटूथ आहे पण ‘फोन जोडला जातो, गाणं मात्र फोनमधूनच वाजतं’ अशी तक्रार असते, त्यांचंही दुखणं बहुधा हेच.

आता त्या शिट्टीबद्दल, कारण ती तुम्हाला भेटणार आहे. साताऱ्याकडचे एक गिऱ्हाईक माझ्याकडे आले. फोन ऑक्सला लावला की बारीक सूर यायचा, आणि अॅक्सिलरेटर दाबला की तो सूर वर चढायचा. म्हणाले, “दादा, गाडीत तानपुरा शिरलाय.” त्यांनी तोपर्यंत महागडी वायर बदलली होती आणि एका दुकानदारानं त्यांना नवे स्पीकरही विकले होते. मी गाडी चालू ठेवायला सांगितली, लायटरमधला चार्जर उपटला. तानपुरा बंद. परत खुपसला, सुरू.

होतं काय, तर ऑक्सच्या वायरमधून फोनची निगेटिव्ह डेकला जोडली जाते आणि चार्जरच्या वायरमधून तीच निगेटिव्ह लायटरच्या सॉकेटलाही जोडली जाते. गाडीच्या दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगमध्ये अगदी थोडा फरक असतो, त्यात अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा, कंप मिसळलेला असतो, आणि तो फरक तुमच्या ऑडिओच्या तारेतून वाहायला लागतो. इंजिनाचा वेग वाढला की अल्टरनेटरचा कंप वाढतो, म्हणून सूर चढतो. इलाज म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर: ऑक्सच्या वायरच्या मधे लावायची डबी, आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. तार तुटते, आवाज चुंबकानं पलीकडे जातो. फार स्वस्तातला घेऊ नका, तो खालचा खर्ज खातो आणि मृदंगाचा धुम्मा नुसता ‘टक’ होतो. दुसरा इलाज फुकटचा: स्वतःची बॅटरी असलेला ब्लूटूथ रिसीव्हर घ्या आणि वाजत असताना तो चार्जिंगला लावू नका. फोन मग खुशाल चार्जिंगला ठेवा, कारण फोन आणि डेक यांच्यामध्ये आता तारच नाही.

हे सगळं तुमच्या गाण्यांसाठी. वडिलांच्या कीर्तनांसाठी कदाचित यातलं काहीच लागणार नाही. डेकच्या तोंडावर, सीडीच्या फटीजवळ ‘एमपी३’ अशी बारीक अक्षरं आहेत का बघा. असतील तर तो डेक डेटा सीडीवरच्या एमपी३ फाइल स्वतः वाचतो. ऑडिओ सीडीत ८० मिनिटं मावतात, पण तीच ७०० एमबीची सीडी डेटा म्हणून भरली तर हिशोब बदलतो. कीर्तनाचं जुनं ध्वनिमुद्रण बहुतेक मोनोच असतं. ते ६४ केबीपीएस मोनोमध्ये बदललं तर तासाला साधारण २९ एमबी लागतात, म्हणजे एका सीडीवर सुमारे २४ तासांचं कीर्तन. हौसेचा डेक जागच्या जागी, आणि वडिलांना फोनही जोडायला नको. कोरी सीडी-आर घ्या, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी नको, जुन्या लेन्सला ती नीट वाचता येईलच असं नाही. कमी वेगानं लिहा आणि शेवटी डिस्क बंद करायचा (‘फायनलाइझ’) पर्याय निवडा. सीडी अडखळली तर आधी लेन्सवरची धूळ काढून घ्या.

फाइलींना नावं देताना मात्र काळजी घ्या. जुन्या डेकला देवनागरी अक्षरं येत नाहीत, पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं उमटतात. फाइलचं नाव आणि आतली माहिती दोन्ही रोमन लिपीत करा. क्रमांक ०१, ०२ असे द्या. नुसतं १, २ दिलंत तर १ नंतर १० येतो.

पेनड्राइव्ह वाचणाऱ्या डेकवर क्रमाचा गोंधळ आणखी वेगळा असतो. पुढेमागे यूएसबीवाला डेक आलाच तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो. एका आजोबांची तक्रार होती, की बुवा आधी उत्तररंग सांगतात आणि मग पूर्वरंगावर येतात. फाइलींना क्रमांक बरोबर होते, कॉम्प्युटरवर यादी बरोबर दिसत होती. झालं असं होतं, की पुष्कळसे स्वस्त डेक नावाप्रमाणे लावून घेत नाहीत; फाइली ज्या क्रमानं पेनड्राइव्हवर लिहिल्या गेल्या त्याच क्रमानं वाजवतात. मधली एखादी फाइल पुसून नवी टाकली, तर ती त्या मोकळ्या झालेल्या जागी जाऊन बसते आणि भलतीकडेच वाजते. उपाय म्हणजे पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करायचा आणि सगळं एकदाच, क्रमानं कॉपी करायचं. विंडोजमध्ये सगळ्या फाइली निवडून ओढताना माउस पहिल्या फाइलवर धरून ओढा. ज्या फाइलवर धरता तीच पहिली लिहिली जाते. आजोबांच्या नातवानं दर वेळी शेवटची फाइल धरून ओढली होती.

डेक बदलायचा पर्याय तुम्ही नाकारलाच आहे, तरी दोन शब्द. पुढेमागे बदललात तर जुना डेक त्याच्या फ्रेमसकट खोक्यात जपून ठेवा, आणि गाडीची एकही मूळ वायर कापू देऊ नका. बहुतेक गाड्यांचे कपलर मिळतात. कापून टेप गुंडाळणाऱ्याच्या दुकानात गाडी लावू नका. नव्या डेकच्या वायरींत पिवळी कायमच्या बारा व्होल्टची, लाल चावीबरोबर येणारी, काळी अर्थिंगची. काही युरोपीय गाड्यांच्या कपलरमध्ये पिवळी-लालची जागा उलटी असते, तसंच जोडलं तर चावी काढली की डेक स्टेशनं विसरतो. आणि अँड्रॉइड ऑटोवाला, म्हणजे फोनमधलं डेकच्या पडद्यावर दाखवणारा डेक घेतलात, आणि फोन नुसताच चार्ज होत राहिला, तर आधी वायर बदलून बघा. पुष्कळ वायरींत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात.

तेव्हा येत्या रविवारी क्रम असा ठेवा. पहिल्यांदा डेकच्या तोंडावर ‘एमपी३’ शोधा, त्याला पाच सेकंद लागतात. मग कोडचं कार्ड आहे का ते वडिलांना विचारा. मग डेक बाहेर ओढून मागच्या बाजूचा आणि वरच्या स्टिकरचा फोटो काढा, मॉडेल क्रमांक वाचता येईल असा. खरेदीला निघायचं ते तो फोटो फोनमध्ये घेऊनच.